तर्रीचा हिशोब

आमच्या खानावळीत पहिल्यांदा येणारा माणूस बाकावर टेकायच्या आधी एकच प्रश्न विचारतो, "किती तिखट असते जी?" कोणी धास्तीने विचारतो, कोणी बाह्या सारून. पुण्या-मुंबईहून आलेली पोरं तर मोबाइल पाण्याच्या ग्लासाला टेकवून उभा करतात आणि ज्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी येईल त्याचं चित्रण करतात. सावजी म्हणजे तिखटाशी कुस्ती, अशी ख्याती आता नागपूरच्या फार पलीकडे गेली आहे. तिच्यावरच आमचं घर चालतं, तेव्हा कुरकुर करायला तोंड नाही. तरी कामठीतल्या या स्वयंपाकघरात अर्ध्याहून जास्त आयुष्य गेल्यावर माझं मत वेगळं झालं आहे. हे जेवण तिखटाचा शौक असणाऱ्यांनी घडवलेलं नाही. ते मोजूनमापून संसार करणाऱ्या विणकरांच्या बायकांनी घडवलं, आणि मिरची हा त्यांच्या हिशोबातला एक आकडा होता.

माझं माहेर नागपूरच्या पाचपावली भागातलं, सासर कामठीचं. दोन्ही घरं हलबा कोष्ट्यांची, दोन्हीकडे खड्डामाग. कामठीत विणकर म्हटलं की आधी मोमिनांच्या वस्त्या आठवतात. आमची घरं त्या मानाने थोडी. लुगडी आणि धोतरं विणायची. पुरुष मागावर बसला की त्याच्याभोवती सगळं घर राबायचं. बायकांनी सुताला पाजण द्यायची, पोरांनी कांड्या भरायच्या, म्हाताऱ्यांनी तुटलेले धागे सांधायचे. इतक्या हातांनी मिळून उतरवलेल्या लुगड्याची मजुरी यायची आणि आठवडी बाजारात संपायची. नागपुरात १ जानेवारी १८७७ला टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, तेव्हापासून हातमाग गिरणीशी झगडत होता. पुढे यंत्रमाग आले, मग खुद्द गिरण्याच बंद पडल्या. मागावरून उठलेल्या घरांना दुसरं काही शोधणं भाग होतं. माग निघाल्यावर पुढची खोली मोकळी झाली होती, आणि घरातल्या बाईच्या हाताला चव होती. तिथे बाकं पडली. नागपूरच्या कितीतरी सावजी खानावळी अशाच राहत्या घरात सुरू झाल्या, आमचीही त्यातलीच. पहिली काही वर्षं तर बसून खाणारे कमीच. ओळखीची माणसं डबा घेऊन मागच्या दाराने यायची आणि नुसता रस्सा मागायची. भाकरी त्यांच्या घरी असायची.

नुसता रस्सा मागणारे हे लोक माझ्या लक्षात राहिले, कारण या जेवणाचा गाभा त्यांना ठाऊक होता. सासूबाई सांगायच्या त्या रविवारांत मटण अर्धा किलो आणि खाणारी तोंडं दहा-बारा. वाटे घातले तर एकेकाला जेमतेम दोन फोडी. अशा घरात मटण हा पदार्थच नसतो, पदार्थ असतो रस्सा. त्या दोन फोडींची चव पातेलंभर पाण्यात उतरली पाहिजे, आणि भाकरीचा कोरडा तुकडा त्यात बुडवला तरी मटण खाल्ल्यासारखं वाटलं पाहिजे. मिरचीचं काम इथे सुरू होतं. फिका रस्सा माणूस वाटी तोंडाला लावून पिऊन टाकतो. तिखट रस्सा बेताने घ्यावा लागतो. एका वाटीवर दोन भाकरी आणि भाताचा ढीग उठतो. माझ्या हातात पहिल्यांदा पळी देताना सासूबाई म्हणाल्या होत्या, "पोरी, मटण मूठभर हाये. घर मसाल्यानं जेववायचं हाये."

त्या मसाल्याचं आमचं वर्ष मिरची बाजारात आली की सुरू होतं. कळमन्याच्या बाजारात लाल मिरचीचे ढीग लागतात, तेव्हा रस्त्यावरूनच ठसका बसतो. आम्ही दोन जातीची मिरची घेतो. एक रंगासाठी, बहुधा कर्नाटकातली ब्याडगी, दुसरी झणक्यासाठी. आमच्या जिल्ह्यातली भिवापुरी मिरची या दोन्ही कामांना पुरायची. गडद लाल, आणि जिभेवर लगेच लागणारी. २०१६मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, पण तोवर भिवापूरकडची लागवड पूर्वीपेक्षा खूप घटली होती. आता दुकानदार भिवापुरी म्हणून पोतं दाखवतो तेव्हा मी चार मिरच्या मोडून आत पाहते. बिया पिवळ्या हव्यात, आतली पांढरी शीर कोरडी हवी आणि वास कुबट नको. तिखटपणा बियांत असतो असं सगळे समजतात. तो खरं म्हणजे त्या पांढऱ्या शिरेत तयार होतो, बियांना तिच्यापासून लागतो. म्हणून मी देठ खुडते, बिया मात्र झटकत बसत नाही. गच्चीवर कडक ऊन दिलं की मिरची कांडपावर जाते. कांडप यंत्रावर मी स्वतः उभी राहते. यंत्र तापलं की तिखट काळं पडतं आणि वास उडतो, तेव्हा थोडं थोडं टाकायला सांगावं लागतं.

गरम मसाला आणायला इतवारीत मस्कासाथला जायचं. धणे, जिरे, शहाजिरे, मिरे, लवंग, दालचिनी, मसाला वेलची, हिरवी वेलची, जायपत्री, जायफळ, चक्रीफूल, तेजपान, नागकेशर, दगडफूल, खसखस, सुकं खोबरं. सावजीत बत्तीस मसाले असतात ही गोष्ट मीही ऐकत आले आहे. आमच्या डब्यात तेवढे भरत नाहीत आणि गिऱ्हाइकाला ते कधी जाणवलेलं नाही. संख्येपेक्षा भाजण्याचा क्रम महत्त्वाचा. ताणा नीट लागल्याशिवाय बाणा टाकता येत नाही, तसंच हे काम. धणे एकटे, मंद आचेवर, कारण त्यांना वेळ लागतो. लवंग-मिरे-दालचिनी एकत्र, थेंबभर तेलात, लवंग फुगेपर्यंत. दगडफूल वेगळं, खडकांवर आणि झाडांच्या सालीवर वाढणारं हे दगडफूल कच्चं हुंगलं तर त्याला मातीखेरीज कसलाच वास येत नाही. तेलात गरम झालं की त्याचा तो खोल, धुरकट वास सुटतो, आणि सावजीच्या गल्लीत शिरताना पहिला येतो तो वास बहुतेक याचाच. खोबरं पार तपकिरी होईपर्यंत. खसखस अगदी शेवटी, गॅस बंद केल्यावर उरलेल्या उष्णतेत. ती पापणी लवते तेवढ्या वेळात करपते. लोकांना वाटतं आमचा रस्सा काळपट दिसतो तो मिरचीने. तो रंग खरपूस भाजलेल्या खोबऱ्याचा आणि कांद्याचा असतो.

खसखशीच्या बाबतीतही जुन्या बायकांचा हिशोब दिसतो. खसखस अफूच्या बोंडातली, सरकारी परवान्यावर पिकणारी, नीमच-मंदसौरकडून येणारी. तिचा भाव कधीच गरिबाचा नव्हता. मग रस्सा दाट कसा करायचा? आमच्या घरी भाजलेल्या ज्वारीचं पीठ मुठीने लावतात. ज्वारी घरात असायचीच. जवसाच्या तेलाचंही तेच. जवस हे आमच्या विदर्भाचं जुनं पीक, त्याचं तेल घाण्यावर स्वस्त मिळायचं. त्याचा उग्र वास नुसत्या भाजीत खटकतो, पण या मसाल्यापुढे तो नमतो आणि उलट रश्श्याला अंग देतो. आज सावजीची खासियत म्हणून ज्या गोष्टी लिहिल्या-दाखवल्या जातात, त्यातल्या निम्म्या अशा परवडण्यातून आल्या आहेत.

मटण शिजवण्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही, पाहण्यासारखं आहे. १ किलो बोकडाच्या मटणाला पाऊण किलो कांदा, तो भाजून वाटलेला. आलं-लसणाची गोळी हाताला जड लागेल एवढी. तेल सढळ. कांदा तेलात जाऊन रंग बदलेपर्यंत मिरची टाकायची नाही, आणि मिरची टाकली की पाठोपाठ पाण्याचा हबका मारायचा, नाहीतर ती जळून कडू होते. मग गरम मसाला. मग वाट पाहायची. कडेला तेल दिसू लागेपर्यंत परतत राहायचं. नवशिक्याचा धीर इथेच सुटतो. मग मटण, मीठ, हळद आणि उकळतं पाणी. गार पाणी ओतलं की मटण आखडतं आणि आलेली उकळी बसते. कुकर आमच्याकडे आहे, पण घाईच्या दिवसापुरता. जाड बुडाच्या गंजात मंद आचेवर हाडाजवळचा चिवट भाग हळूहळू विरघळतो आणि रश्श्याला चिकटपणा येतो. तो चिकटपणा कुठल्याही मसाल्याने आणता येत नाही.

शिजून उतरवलेला गंज थोडा वेळ झाकून ठेवला की वर लाल तेलाचा थर येतो. तीच तर्री. मिरचीचा झणका पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून खरा जोर वर तरंगतो आणि खालचा रस्सा तुलनेने सौम्य राहतो. एकाच गंजातून तीन तऱ्हेचं जेवण निघतं ते यामुळे. मागावर घाम गाळणाऱ्या पुरुषाला वरची तर्री, बायकांना मधला रस्सा, पोरांना तळातला. वेगळं काही शिजवायची गरज नाही. मी आजही तसंच वाढते. सोबत लहान मूल असलं तर पळी तर्री बाजूला सारून खाली जाते. आणि पाण्याचे तांबे रिकामे करणाऱ्या पाहुण्याला मी दही किंवा ताक देते, कारण पाण्याने ती आग नुसती तोंडभर पसरते.

आमच्या पाटीवर मटणाखाली जी यादी आहे ती नवख्याला बुचकळ्यात टाकते: खूर, मुंडी, भेजा, कलेजी, फोपसा, सुंदरी. सुंदरी म्हणजे बोकडाची आतडी. ती साफ करणं हे आमच्या धंद्यातलं सर्वांत कष्टाचं काम. काडीवर उलटी करायची, मीठ-हळद चोळून धुवायची, पुन्हा गरम पाण्यात, पुन्हा चोळायची, आणि वास पूर्ण जाईपर्यंत थांबायचं नाही. खुराला आधी जाळावर धरून केस जाळायचे, खरवडायचं, मग रात्रभर मंद आचेवर ठेवायचं. खाटकाकडे ज्याला पूर्वी किंमत नव्हती ते आमच्या घरात यायचं. ज्याला जास्त वास त्याला जास्त मसाला. मसाला इतका बोलका का झाला, याचं उत्तर मला सुंदरी धुताना मिळालं. आता सुंदरीला गिऱ्हाईक एवढं आहे की खाटीक भाव धरून बसतो. गरिबीने शोधलेल्या पदार्थाला चव असल्याचं जगाला कळलं की तो गरिबाच्या हातून जातो.

मासळीचं गणित निराळं. कन्हान नदी आमच्या गावाला लागून वाहते, आणि बाजारात बसणाऱ्या ढिवर मावशी तिच्याच काठच्या. नदीची मासळी आता थोडी येते. रोहू-कतला बर्फाच्या गाडीतून येतो, कधी रामटेकजवळच्या खिंडसी तलावाचा, कधी भंडाऱ्याकडच्या मालगुजारी तलावांचा. मला मात्र मरळ हवी असते. मरळ हवेतून श्वास घेते, त्यामुळे घमेल्यातल्या चार बोटं पाण्यातही जिवंत राहते, आणि ताजेपणाबद्दल वाद उरत नाही. मावशी मला पाहताच म्हणते, "बाई, आज दोन मोठ्या ठेवल्या हाये तुमच्यासाठी. भाव नका करू." भाव मी करतेच. तिलाही ते अपेक्षित असतं. मरळीला काटा एकच, अंग घट्ट, पण वरून चिकट लाळ फार. ती राख चोळल्याशिवाय निघत नाही.

मटणाच्या सवयीने मासळी करायला गेलं की ती बिघडते. मटण रश्श्याला चव देतं, त्यासाठी ते तासभर रश्श्यात राहतं. मासा तसा थांबत नाही. त्याचं अंग धरून ठेवणारा भाग थोड्याशा उष्णतेने विरतो आणि तुकडा मोडतो. म्हणून मासळीचा रस्सा आधी एकट्याने पूर्ण शिजवायचा. गरम मसाला निम्म्यावर, दगडफूल चिमूटभर, लसूण दुप्पट, थोडी मेथी आणि चिंचेचा कोळ. मीठ-हळद लावून ठेवलेले तुकडे उकळत्या रश्श्यात सोडायचे, दहा मिनिटं, आणि पळी न घालता गंज दोन्ही कानांनी धरून हलवायचा. जवसाचं तेल मासळीत मटणापेक्षाही चांगलं लागतं. आणि मासळीही नसेल तेव्हा सुके झिंगे. मूठभर झिंगे तव्यावर भाजून वांग्यात टाकले की सगळ्या भाजीला समुद्राची चव येते. आमच्यापासून समुद्र शेकडो कोस दूर, पण वाणसामानाच्या डब्यात तो वर्षभर असायचा.

श्रावणात तर रश्श्याची खरी परीक्षा. आखाडीला आमच्याकडे पाय ठेवायला जागा नसते, आणि श्रावण लागला की मटण एकदम बंद. चूल बंद होत नाही. बेसनाच्या वड्या थापून त्याच रश्श्यात सोडल्या की पाटोडी. शिवाय डाळकांदा, वांगं, अंडं खाणाऱ्यांना अंडं. मसाला तोच, क्रम तोच, तर्री तीच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, लोक पुन्हा मटणावर तुटून पडतात, पण पाटोडी रस्सा मागणारे तेव्हाही असतात. मटण काढून घेतलं तरी जे जेवण उभं राहतं, ते मटणाचं कसं म्हणायचं?

कामठी छावणीचं गाव. १८२१मध्ये इंग्रजांनी नदीकाठी फौज बसवली तेव्हापासून इथे देशभरची माणसं येत-जात राहिली. आज गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र इथे आहे. जवानांमुळे आमच्या बाकांवर गढवाली, तमिळ, राजस्थानी अशा सगळ्या जिभा येऊन गेल्या. तमिळ मुलगा रस्सा भातावर ओततो, राजस्थानी पोळीने टिपतो, आणि दोघांनाही तो आपलासा वाटतो. याच येण्याजाण्यातून एक दिवस जमैकाचा मसाला माझ्या ओट्यावर आला. आमच्या गल्लीतला एक पोरगा समुद्रपर्यटनाच्या जहाजावर स्वयंपाकी आहे. सुट्टीवर आला तेव्हा बाटलीभर दाट, काळपट वाटण घेऊन आला आणि म्हणाला, "काकू, हे जर्क. तिकडची सावजी समजा."

मी बोटाने चाखलं. आधी झणका आला, आमच्या मिरचीपेक्षा चढा आणि फळासारख्या वासाचा. ती स्कॉच बॉनेट नावाची बुटकी, गुबगुबीत मिरची. मग लवंगेचा भास झाला, लवंग नसताना. तिकडे एका झाडाची वाळवलेली फळं वापरतात, ऑलस्पाइस म्हणतात त्यांना. त्यांत आणि लवंगेत वासाचं मुख्य द्रव्य एकच. आणखी एक ओळखीचा वास होता, ओव्यासारखा. तो थाइमच्या पानांचा, आणि त्याचंही तसंच: थाइम आणि ओवा यांचा वास एकाच द्रव्याचा. हजारो मैलांवरचं वाटण, पण मला त्यात अनोळखी असं फारच थोडं सापडलं.

आम्ही कोंबडीच्या तंगड्यांना चिरा पाडून ते रात्रभर लावून ठेवलं, मरळीच्या तुकड्यांना तासभर. दुसऱ्या दिवशी अंगणात सिगडी पेटवली. जमैकात ऑलस्पाइसच्याच झाडाच्या लाकडावर हे मांस धुरात सावकाश भाजतात. आमच्याकडे लोणारी कोळसा होता आणि पोरग्याने वरून घमेलं पालथं घातलं. कोंबडी बाहेरून काळी, आतून रसाळ झाली. मरळीला धूर फार छान लागला, केळीच्या पानात गुंडाळली म्हणून मोडली नाही. शेजारपाजारचे जमले, बोटं चाटली. ताटात वाढून झाल्यावर मी विचारलं, "रस्सा कुठे आहे याचा?" पोरगा हसला. रस्सा नसतो, काकू.

नंतर त्याने जमैकाची गोष्ट सांगितली आणि मला तो नसलेला रस्सा समजला. १६५५मध्ये इंग्रजांनी ते बेट स्पॅनिशांकडून घेतलं. त्या धामधुमीत आणि नंतरही आफ्रिकेतून आणलेले गुलाम डोंगरात पळाले. मरून म्हणतात त्यांना. पिढ्यान्‌पिढ्या ते इंग्रजांशी लढले आणि १७३९मध्ये इंग्रजांना त्यांच्याशी तह करावा लागला. डोंगरात रानडुकरं होती, म्हणजे मांस भरपूर. पण मुक्काम कधी सोडावा लागेल याचा नेम नाही, उद्याची शाश्वती नाही. त्यांना मांस टिकवायचं होतं आणि सोबत न्यायचं होतं. मीठ, मिरची, मसाला आणि धूर हे त्यावरचं उत्तर. आमच्या बायकांपुढे नेमका उलटा पेच होता. घर होतं, माग होता, तोंडं भरपूर होती आणि मांस मूठभर. त्यांनी मसाल्याने मांस टिकवलं, आम्ही मसाल्याने मांस वाढवलं. झणका दोन्हीकडे आहे, पण चैनीसाठी कोणीच त्याच्याकडे गेलं नव्हतं.

पोरगा आणखी एक सांगून गेला. जमैकात बोकडाची करी लग्नाकार्यात लागतेच. ती तिकडे आपल्याकडच्या गिरमिटियांनी नेली. १८४५मध्ये पहिलं जहाज गेलं आणि पुढच्या सत्तरेक वर्षांत छत्तीस हजारांच्या आसपास माणसं उसाच्या मळ्यांत राबायला गेली. मिरची मुळात त्या बाजूची, पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली. बोकडाचा रस्सा इकडून तिकडे गेला. हे सगळं वाहून नेणारी माणसं हौसेने फिरायला निघालेली नव्हती.

जर्क आम्ही पाटीवर लावलं नाही. माझ्या मुलाची इच्छा होती. तो म्हणतो, नवीन पोरांना भाजलेलं, कोरडं, हातात धरून खाण्यासारखं हवं असतं. त्याचं निरीक्षण खरं आहे. आमच्याकडेही आता सुक्या मटणाची मागणी रश्श्यापेक्षा वेगाने वाढते आहे. बाहेर सावजीच्या पाट्या इतक्या झाल्या आहेत की काही ठिकाणी लाल रंगाच्या पाण्यावर तेल तरंगताना दिसतं आणि त्याला सावजी म्हणतात. तिखटाच्या पायऱ्या लावलेल्या असतात: साधं, जहाल, महाजहाल. तिखट वाढवणं जगातली सगळ्यांत सोपी गोष्ट आहे. चमचाभर जास्त घातलं की झालं. दगडफूल नीट भाजणं, कांदा तेल सोडेपर्यंत हलवत राहणं, खूर रात्रभर जागून शिजवणं, यात वेळ जातो, आणि वेळेचा भाव कोणी पाटीवर लावत नाही. मसाल्याची पाकिटं आम्हीही विकतो. पाकीट नेणाऱ्याला मी एवढंच सांगते की मसाला आणि मटण यांच्यामध्ये कांदा आणि तास-दीड तास आहे. तो घरचाच घालावा लागेल.

हल्ली शिकायला म्हणूनही कोणी कोणी येतं. खानावळ काढायची आहे, चार पदार्थ शिकवा म्हणतात. त्यांचा पहिला प्रश्न असतो मसाल्याच्या प्रमाणाचा, वही उघडलेली असते. मी उलट विचारते, "माणसं किती जेवणार? आणि मटण किती आहे?" बहुतेकांना हा प्रश्न कळत नाही, कारण त्यांच्या हिशोबात माणसागणिक मटण ठरलेलं असतं. तो हिशोब हॉटेलाचा. आमचा हिशोब अर्धा किलोत दहा जणांचा, आणि प्रमाण त्यानंतर येतं.

रश्श्याची दुसरी वाटी आमच्याकडे फुकट मिळते. तिसरीही. मुलगा म्हणतो, दुसऱ्या वाटीला पैसे लावले तर महिन्याचा गॅस निघेल. त्याचं गणित बरोबर आहे, मी तपासून पाहिलं. मंडीत पोती उचलून आलेला हमाल एक प्लेट मटण आणि चार वाट्या रस्सा घेतो, भाताचा डोंगर करतो आणि ढेकर देऊन जातो. त्याच्यावर आम्हाला फारसं सुटत नाही. पण या जेवणाचा खरा गिऱ्हाईक तोच. पहिल्या विणकराच्या घरात ते ज्याच्यासाठी रांधलं गेलं, त्याच्यासारखाच. मोबाइल उभे करणाऱ्या पोरांकडून घ्यायचे तेवढे घ्या, सुक्या मटणाचा भाव वाढवा, पाकिटं महाग करा, असं मी मुलाला सांगितलं आहे. रस्सा मात्र मोजून द्यायचा नाही. रस्सा मोजू लागलो की आम्ही फक्त मटण विकू, आणि मटण तर खाटकाकडेही मिळतं.